मोरपंखी निळी का दिसते? लग्नाच्या कामासाठी लॅपटॉप घेताना

आजोबांच्या वेळेपर्यंत बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरात माग होते. त्यामुळे रंगांची नावं मी सुताच्या लडी बघत शिकले: मोरपंखी, चिंतामणी, आमसुली, अंजिरी, डाळिंबी, वांगी. माग गेले, आता मी लग्नपत्रिका, फ्लेक्स, अल्बम आणि लग्नाचे व्हिडिओ करते. पण पहिला लॅपटॉप घेताना ही सगळी शिकवण घरी ठेवून गेले आणि दुकानात स्टिकर वाचत बसले. आय सेव्हन, अमुक जीबी, तमुक कार्ड. झालं, घेतला.

पहिल्याच अल्बममध्ये नवरीची साडी मोरपंखी. माझ्या स्क्रीनवर ती सपक निळी दिसत होती. मला वाटलं फोटोच तसा आलाय, म्हणून मी हिरवा वाढवत गेले. अल्बम छापून आला आणि नवरीची आत्या म्हणाली, "अगं, ही शेवाळी साडी कुणाची?" अख्खा अल्बम स्वतःच्या पैशानं परत छापून दिला. फोटो बरोबर होता. लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये तो रंग नव्हताच.

म्हणून मला कुणी विचारलं की मी प्रोसेसरवर शेवटी येते, आधी स्क्रीन. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, एसआरजीबी म्हणून रंगांचा जो साधा ठरलेला पट्टा आहे, त्यातला साधारण तिसरा हिस्सा ही स्क्रीन दाखवूच शकत नाही. मग तुम्ही कितीही भारी सॉफ्टवेअर टाका. पत्रिका आणि अल्बमच्या कामाला '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेलं हवंच. व्हिडिओचं काम जास्त असेल तर डीसीआय-पी३, म्हणजे सिनेमासाठीचा जास्त रुंद पट्टा, त्याचे ९५ टक्क्यांच्या वर बघा. उजेड निदान ३०० निट (स्क्रीनचा उजेड ह्या मापात सांगतात), आणि मांडवात दुपारी बसायची वेळ येत असेल तर ४०० च्या पुढे. एक फसगत नेहमी होते: एकाच नावाचं मॉडेल दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन लावून विकलं जातं. नावावर जाऊ नका. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याच नंबरची माहिती उघडून बघा.

ओलेड स्क्रीन दिसायला देखणी, काळा रंग खरा काळा. पण ती पेटीतून निघते तेव्हा सगळे रंग भडक दाखवते, डाळिंबी एकदम कुंकवासारखी लाल. तिच्यात एसआरजीबी मोड असतो का ते विचारा आणि तो लावूनच काम करा. उजेड कमी केल्यावर काही ओलेड स्क्रीन डोळ्यांना न कळता लुकलुकतात आणि काही जणांचं डोकं दुखतं. माझं दुखतं, म्हणून मी आयपीएस, म्हणजे साध्या एलसीडीतली चांगल्या रंगांची स्क्रीन, घेतली.

आता दुकानात जायची तयारी. पर्समध्ये दोन वस्तू हव्यात, एक ब्लाउजपीस आणि एक पेनड्राइव्ह. ब्लाउजपीस मोरपंखी किंवा आमसुली घ्या. त्याचा फोटो सावलीत, व्हाइट बॅलन्स नीट लावून (पांढरं पांढरंच दिसेल असा) आधी काढा आणि पेनड्राइव्हवर टाका. दुकानात फोटो उघडायचा आणि कापड स्क्रीनशेजारी धरायचं. दुकानाच्या दिव्यांचा थोडा फरक पडतो, अगदी तंतोतंत जुळणार नाही. पण दोन लॅपटॉप शेजारी ठेवून बघितलं की कुठला खोटं बोलतोय ते लगेच कळतं. खडेबाजारातल्या एका दुकानात मी हे केलं तेव्हा मालक हसले, आणि मग स्वतःच तिसरं मॉडेल काढून म्हणाले, "ह्यावर पण धरून बघा की ओ."

पेनड्राइव्हवर आणखी दोन फाइली ठेवा. तुमच्या कॅमेऱ्यातली सगळ्यात जड क्लिप, दोनच मिनिटांची पण मूळ, व्हॉट्सॲपवरून आलेली नको. आणि एक मोठा फ्लेक्स, ज्यात फोटो, सावल्या आणि पन्नास कार्यकर्त्यांची गोल मुंडकी आहेत असा. शिवजयंतीच्या चित्ररथाचा बॅनर ह्यासाठी उत्तम. तो ज्या लॅपटॉपवर न अडकता हलतो त्यावर पत्रिका काय, काहीही हलेल.

कॅमेऱ्याची क्लिप का न्यायची, त्याचीही एक गोष्ट आहे. माझ्या भाच्यानं गेल्या खेपेला आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप घेतला, सोबत एएमडीचा प्रोसेसर. कागदावर माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा. आठ दिवसांत फोन, "मावशी, टाइमलाइनवर नुसता अडकूलाय बघ." बघितलं तर त्याच्या नव्या कॅमेऱ्याचं फुटेज एच.२६५, १० बिट, ४:२:२. ह्या प्रकारात रंगाची माहिती जास्त असते, आणि आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेच्या कार्डांत ते उलगडायची सोय नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांतल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये ही सोय आहे, आरटीएक्स ५० मालिकेत आहे, ॲपलच्या एम चिपमध्येही आहे. म्हणजे साधा दिसणारा इंटेलवाला लॅपटॉप ह्या एका कामात भारी कार्डवाल्याला मागे टाकतो. भाच्याला शेवटी प्रॉक्सी करायला शिकवलं: रात्री हलक्या फाइली बनवायला लावायच्या, सकाळी त्यांच्यावर कापाकापी, एक्स्पोर्ट मात्र मूळ फाइलींवरून. काम चालतं, पण रोज एक पायरी वाढली. तुमचा कॅमेरा ८ बिट ४:२:० मध्येच शूट करत असेल तर ह्या परिच्छेदाची काळजी सोडून द्या.

कार्डाबद्दल एवढंच आणखी: एकाच नावाचं कार्ड सगळीकडे सारखं पळत नाही. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कसंही बसवते. बारीक, सुबक लॅपटॉपमध्ये वॅट कमी. नाव विचारू नका, वॅट विचारा. कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबी असली तर ४के च्या कामात बरं पडतं.

रॅम १६ जीबीच्या खाली बघूच नका, आणि फोटोशॉप उघडं ठेवून व्हिडिओ करत असाल तर ३२. "नंतर वाढवू" हे आपलं आवडतं वाक्य इथं चालत नाही, कारण हलक्या लॅपटॉपांत बऱ्याचदा रॅम बोर्डावरच डकवलेली असते. स्लॉट आहे का, ते आधी खात्री करून घ्या.

साठवणीचा हिशोब पाटीवर करता येतो. १०० एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटनं, शूट केलं तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येकी पाच तास, झाले ४५० जीबी. ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि सॉफ्टवेअरनं जागा खाल्ली की एक लग्न मावत नाही, आणि वैशाखात एका आठवड्यात चार असतात. १ टीबी घ्या, दुसऱ्या एसएसडीला जागा असेल तर उत्तम, आणि बाहेरची एक एसएसडी वेगळी. फुटेज दोन ठिकाणी उतरल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही.

आता वजन. जाहिरातीत लॅपटॉप १.६ किलो असतो आणि चार्जर नसतो. मी आमच्या वाण्याच्या काट्यावर सगळं ठेवून बघितलं: जुन्या गेमिंग लॅपटॉपची ती वीट आणि वायर मिळून पाऊण किलोच्या पुढे गेली. स्कूटीवरून खानापूरला जाताना पाठीला कळतं ते एकूण वजन. टाइप-सी वरून चार्ज होणारा घेतला तर फोनचा आणि लॅपटॉपचा चार्जर एकच होतो. व्हिडिओसारख्या जड कामाला तो पुरत नाही, पण पत्रिका दुरुस्त करायला पुरतो. माझा निवाडा: १४ इंच, चार्जर धरून दोन किलोच्या आत. १६ इंची ज्यांना परवडतो त्यांच्याकडे गाडी असते.

खानापूरच्याच एका कार्यालयात रिसेप्शनला दाखवायचा व्हिडिओ जोडत होते आणि करंट गेला. जनरेटर स्टेजच्या दिव्यांना. बहुतेक कार्डवाले लॅपटॉप बॅटरीवर आले की आपला वेग स्वतःच खाली आणतात, दहा मिनिटांचा एक्स्पोर्ट अर्ध्या तासावर गेला. म्हणून दुकानात क्लिप चालू असताना चार्जरची पिन काढून बघा. ह्या बाबतीत मॅकबुक खरंच चांगले, प्लग काढल्याचं त्यांना कळतही नाही. एअरमध्ये पंखा नाही, लांब एक्स्पोर्टला तो तापून मंदावतो. रोज तासतासाचे व्हिडिओ असतील तर पंखेवाला प्रो.

तरीही मी मॅक घेतला नाही, आणि कारण आपल्या बेळगावचंच आहे. इथं पत्रिका एका बाजूनं मराठी, दुसऱ्या बाजूनं कन्नड. कर्नाटकाच्या कन्नड भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड लागतं, म्हणजे पाटीच्या कामात कन्नड टाळताच येत नाही. माझ्याकडं पंधरा वर्षांच्या फाइली आहेत, मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीमध्ये (दोन्ही टायपिंगची जुनी सॉफ्टवेअर, स्वतःच्या फाँटची), आणि माझा हा सगळा जुना संच विंडोजवरच चालतो. तुम्ही नव्यानं सुरू करत असाल आणि दोन्ही भाषा युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारख्या वाचता येतील अशा, टाइप करणार असाल, तर हे ओझं तुमच्यावर नाही. जुन्या प्रेसची कामं घेत असाल तर त्यांच्या दोन फाइली उघडून बघितल्याशिवाय मॅककडे वळू नका.

पैसे कमी पडले तर टचस्क्रीन सोडा, कीबोर्डचे रंगीत दिवे सोडा, आय नाइन सोडा. स्क्रीन आणि रॅम सोडू नका.

खरेदी कुठं? कोल्हापूर आणि हुबळी दोन्ही शंभरेक किलोमीटरवर, आणि कोल्हापुरात भाव बरा लागतो म्हणून पुष्कळ जण तिकडं जातात. तुमचा जीएसटी नंबर असेल तर बिल करायच्या आधी तो आणि कर्नाटकातला पत्ता द्या, आणि बिलावर आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यात विकतानाचा जीएसटी, लागलाय का ते बघा. महाराष्ट्राचा एसजीएसटी लावलेलं बिल आलं तर त्याचं क्रेडिट इकडं मिळत नाही. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे, रक्कम लहान नव्हे. बिल करण्याआधीच आपल्या सीएला एक फोन करा. वॉरंटी घरी येऊन देणारी असेल तर तुमचा पिनकोड सांगून विचारा, कारण बेळगाव शहरात येणारा माणूस जांबोटीला येईलच असं नाही.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी एसआरजीबी मोड लावा, रात्री स्क्रीन पिवळी करणारी सेटिंग बंद करा, आणि अल्बमचं एकच पान छापून आणा. शाईचे रंग स्क्रीनपेक्षा थोडे दबलेलेच येतात, किती दबतात ते तुमच्या प्रेसवाल्याच्या मशीनवर अवलंबून. त्या पानाशेजारी तोच ब्लाउजपीस धरा आणि फरक वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत पहिली ओळ आहे: मोरपंखी, हिरव्याला हात लावायचा नाही.