रेडकांच्या खुराकातील प्रथिने: कोणती, कधी आणि किती

रेडकाला पहिली प्रथिने चिकातून, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधातून मिळतात आणि त्यांची जागा पुढे कोणतीही पेंड भरून काढू शकत नाही. रोगाशी लढणारी प्रथिने म्हशीच्या वारेतून (गर्भाला पोसणाऱ्या नाळेच्या आवरणातून) गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, आणि चिकातली ती प्रथिने जशीच्या तशी शोषण्याची आतड्यांची क्षमता जन्मानंतर सुमारे २४ तासांत संपते. त्यामुळे वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची जुनी रीत सोडून पहिल्या दोन तासांतच तो पाजावा. दिवसभरात ३० किलोच्या रेडकाला सुमारे ३ लिटर चीक विभागून द्यावा.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक पुढे ठेवावा व शिळा झालेला रोज बदलावा. या वयातल्या खुराकात २० ते २२ टक्के प्रथिने असावीत. गोव्यात खोबऱ्याची पेंड सहज मिळते व जनावरे ती आवडीने खातात, परंतु तिच्यात लायसिन हे वाढीला आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, म्हणून केवळ तिच्यावर रेडकू वाढवू नये. १०० किलो मिश्रणासाठी मक्याचा भरडा ४५, शेंगदाणा पेंड ३०, गव्हाचा कोंडा १५, खोबऱ्याची पेंड ७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो घेतल्यास प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास येतात. भरड्यात काटकसर करून पेंड वाढवणे मला चुकीचे वाटते, कारण ऊर्जा अपुरी पडली की शरीर महागडी प्रथिनेच जाळते, आणि जास्तीच्या प्रथिनांपासून होणारा अमोनिया बाहेर टाकण्याचा भार यकृत व मूत्रपिंडांवर पडतो. स्वच्छ पाणी कायम समोर हवे.

पावसाळ्यात विशेष जपावे. डिचोली-सत्तरीच्या दमट हवेत शेंगदाणा पेंडीला बुरशी लवकर लागते आणि बुरशीचे अफलाटॉक्सिन हे विष यकृत बिघडवते; पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत आणि कुबट वासाची पेंड कितीही महाग असली तरी फेकून द्यावी. कोठीपोट (पोटाचा पहिला, मोठा कप्पा) पुरते तयार झालेले नसल्याने सहा महिन्यांखालील रेडकांना युरियायुक्त खाद्य देऊ नये, तसेच गॉसिपॉल या सरकीतल्या विषारी घटकामुळे सरकी पेंडही टाळावी.

प्रथिने कमी पडली तर वाढ खुंटते, केस राठ होतात, रोग लवकर जडतात आणि पुढे पारडी उशिरा माजावर येते. मात्र हीच लक्षणे जंतांचीही असतात. म्हशीच्या दुधातूनच रेडकांना गोल जंत होतात, म्हणून दोन आठवड्यांच्या आत पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. दर पंधरवड्याला छातीचा घेर मोजून लिहून ठेवावा. तो वाढत नसेल तर पेंड वाढवण्याआधी शेण तपासून घ्यावे.