प्रश्नातला ‘ना’

मानसशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा डिचोलीच्या घरी काकूने विचारलं, "म्हणजे तू डॉक्टर होणार?" नव्याने येणाऱ्यांनी हा घोळ आधीच मिटवावा. औषधं लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ; तो एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. दोन वर्षांच्या एम.ए.ने मी समुपदेशनाच्या उंबरठ्यावर आले, एवढंच.

प्रवेश घेण्याआधी एक नक्की विचारा: प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम मिळेल आणि ते तपासणार कोण? मी विचारलं नव्हतं. पहिल्या ठिकाणी माझे सहा आठवडे फाइली लावण्यात गेले. आपल्या गोव्यातच ‘संगात’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने दाखवून दिलंय की या विषयाची पदवी नसलेली साधी माणसंही प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा ते आठ बैठकांत नैराश्यावर चांगलं काम करू शकतात. 2017 साली ते संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ती माणसं आपल्या बैठकांची ध्वनिमुद्रणं एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांच्या चुका दाखवत. माझ्या मते खरं शिक्षण तिथे आहे.

गोवा लहान. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात समोरून तीच बाई येते, जी काल तुमच्यासमोर रडली. आपण आधी ओळख दाखवायची नाही, तिने दाखवली तरच हसायचं. हे पहिल्याच भेटीत तिला सांगून ठेवा. जिवाला धोका दिसला तर गुप्तता मोडावी लागेल, हेही त्याच वेळी सांगा.

आता माझी चूक. नैराश्य मोजायला पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. एका बाईंना (तपशील बदललेत) मी घाईघाईने विचारलं, "असं काही मनात येत नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही." मी पुढे गेले.

संवाद शब्दशः लिहून माझं काम तपासणाऱ्या मॅडमना दाखवला. त्यांनी फक्त ‘ना’भोवती गोल काढला. "तुला ‘नाही’ ऐकायचं होतं, त्यांनी ते दिलं."

मला वाटायचं, विचारलं तर तो विचार आपणच डोक्यात घालू. तसं होत नाही. मी थेट विचारण्याचा आरशासमोर सराव केला. कोणी ‘हो’ म्हणालं तर पुढे काय, तेही पाठ केलं: काही ठरवलंय का, घरात विष किंवा गोळ्या आहेत का, सोबत कोण आहे, त्यांना एकटं न सोडता ताबडतोब वरिष्ठांना कळवणं, बांबोळीचं मनोरुग्णालय, टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416.

पुढच्या भेटीत मी पेन खाली ठेवून हळू विचारलं, "जीव नकोसा होतो, मरून जावंसं वाटतं, असं कधी येतं मनात?"

त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "येतं."