सायलेन्सरचे जाम नट खोलण्याआधीची तयारी

अलिबागपासून मालवणपर्यंत खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या मोटरसायकलींचं हमखास जाम होणारं ठिकाण म्हणजे सायलेन्सरचा बेंड पाइप इंजिनच्या हेडला धरून ठेवणारे दोन नट. ते रोज तापतात, रोज गार होतात आणि पावसाळ्यात पुढच्या चाकाचा चिखल खातात. त्यात स्टड, म्हणजे हे नट ज्यावर बसतात ती हेडमध्ये रुतलेली आट्यांची सळई, लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचं. या दोन धातूंच्या मधे खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम पांढरं पडून फुगतं आणि स्टडला आवळून धरतं. काम घरी होण्यासारखं आहे, फक्त ते पाना हातात घेण्याच्या आदल्या दिवशी सुरू होतं.

आधी वार ठरवा. रविवार नको. स्टड तुटलाच तर लेथवाला आणि वेल्डिंगवाला दुकानात भेटायला हवा, म्हणून शनिवारी सकाळी हात घाला, तेही सोमवारी गाडीवाचून अडणार नसेल तरच. दोन नवे स्टड, दोन नट आणि पाइपच्या तोंडाचं गॅसकेट (सांधा बंद करणारी कडी) आधीच आणून ठेवा. एकदा दबलेलं गॅसकेट परत लावलं की पाइप फुरफुरतो. 100-125 सीसीच्या बऱ्याच गाड्यांना एम-6 (6 मिमी जाडीचा) स्टड आणि 10 मिमी पान्याचा नट असतो, पण दुकानात जाण्याआधी मोजून घ्या. गाडी बीएस-6 प्रदूषण नियमांची, म्हणजे 2020 नंतरची असेल तर पाइपवर किंवा हेडजवळ ऑक्सिजन सेन्सर आहे का बघा. पाइपवर असेल तर त्याची वायर सॉकेटमधून सोडवा, नाहीतर सुटलेला पाइप त्या वायरीवर लोंबकळेल.

आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे दिसेपर्यंत घासा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारा. झोपण्याआधी पुन्हा एकदा, सकाळी उठल्यावर पुन्हा. नट टोपीचे असतील तर वरून मारलेला स्प्रे नुसता ओघळतो, तो नट जिथे टेकतो तिथल्या फटीत नळी लावून मारायला हवा. अमुकच कंपनीचा हवा म्हणून अडून बसू नका. रात्रभर मुरू देणं महत्त्वाचं.

पाने मोजकेच लागतात, पण नेमके. 10 ची सहाकोनी गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) हवी. बाराकोनी पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो आणि मग पकडायला काही उरत नाही. लांब दांडा नको, एम-6 ला त्याची गरजही नाही आणि त्याने हाताला अंदाजही येत नाही. साइड कव्हरचे चौफुली स्क्रूही काढायचे असतील तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा. जपानी वळणाच्या गाड्यांचे ते स्क्रू साध्या फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर उसळतं आणि खाच गोल करतं.

तापवायचं असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी बंद करा आणि स्प्रेचा ओला डाग कोरडा पुसा, तो पेट घेतो. नट जाम असेल तर नट तापवा, स्टड हेडमध्ये जाम असेल तर भोवतीचं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हीट गनचं काम बऱ्याचदा पुरतं. गरम सांध्याला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. ऐकायला आजीबाईचा बटवा वाटतो, पण उपयोग होतो.

आता हाताचं काम. नट आधी किंचित आवळा, मग सोडा. ‘टक्’ आवाज येऊन फिरला तर गंज तुटला. थोडं सोडा, थोडं परत आवळा, स्प्रे मारा, असं पुढेमागे करत काढा. आवाज न येता पाना रबरासारखा वळतोय, हात सैल केला की मागे येतोय, तर नट फिरत नाहीये, स्टड पिळतोय. तिथेच थांबा आणि पुन्हा तापवा. बहुतेक स्टड या क्षणी आणखी थोडा जोर लावल्यामुळे तुटतात.

तुटलाच आणि तुकडा बाहेर असेल तर वाइस ग्रिपने (पकड घट्ट अडकून राहणाऱ्या पकडीने) धरा, किंवा आटे शाबूत असतील तर दोन नट एकमेकांवर घट्ट करून आतल्या नटाला पाना लावा. अगदी थोडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगची उष्णता गंजही सोडवते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचं) सॉकेटही.

सपाट तुटला असेल तर मला विचाराल तर घरी ड्रिल मारू नका. एम-6 चा गाभा जेमतेम 5 मिमीचा. सेंटर पंच जरा सरकला की ड्रिल मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं. तुटका तुकडा काढायचे बाजारातले एक्स्ट्रॅक्टर कडक आणि ठिसूळ असतात, आत मोडले तर साधं ड्रिल त्यांना कापत नाही. करायचंच ठरवलं तर चष्मा लावा, हातमोजे काढा, पोर्टमध्ये (हेडमधल्या धूर बाहेर पडायच्या भोकात) फडकं कोंबा, कानशीने तोंड सपाट करा आणि उलट्या आट्यांचं 3 मिमी ड्रिल हळू चालवा. उलटं फिरताना तुकडा कधीकधी आपोआप बाहेर येतो. आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून मिळतं.

बसवताना आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं) ग्रीस बोटाने थोडं लावा. दोन्ही नट आळीपाळीने आवळा, एम-6 ला साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर पुरतात, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. पहिली चक्कर मारून इंजिन पूर्ण गार झालं की एकदा पाना लावून बघा, नवं गॅसकेट थोडं बसलेलं असतं.