जुन्या स्पोर्ट्स कारचे गंजलेले ब्रेक पाइप बदलताना या चुका टाळा

ब्रेकचा पोलादी पाइप हातात घेतल्यावर भरीव सळईसारखा वाटतो, पण तो तसा नसतो. बहुतेक जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये त्याचा बाहेरचा व्यास ४.७५ मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंच, आणि भिंतीची जाडी साधारण ०.७ मिलिमीटर असते. टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो, तर जोरात ब्रेक दाबल्यावर या नळीत ७० ते १०० बार किंवा त्याहूनही अधिक दाब निर्माण होतो. गंजाला हे पाऊण मिलिमीटरही पार करावे लागत नाही. अर्धवट खाल्लेला पाइप रोजच्या हलक्या ब्रेकिंगला महिनोन्महिने टिकतो आणि सर्व जोर लावून पेडल दाबण्याची वेळ येते, नेमका तेव्हा फुटतो. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी ब्रेक सर्किट, म्हणजे द्रवाचे दोन स्वतंत्र मार्ग, सक्तीचे झाले. त्याआधीच्या अनेक स्पोर्ट्स कारमध्ये एकच सर्किट असे. अशा गाडीत एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून हे काम हाती घेणाऱ्याने ते घाईने उरकू नये, एवढी कळकळीची विनंती आधीच करतो.

गंज घासून पाइप वाचवण्याचा मोह

सर्वांत पहिली चूक म्हणजे तारेच्या ब्रशने गंज काढायचा, वरून रंग मारायचा आणि पाइप ठीक आहे असे समजायचे. घासल्यामुळे गंजाबरोबर उरलेली भिंतही पातळ होते आणि रंगाखाली खड्डा किती खोल आहे हे पुढे कोणालाच दिसत नाही. पृष्ठभागावरचा हलका तांबूस थर वेगळा. पण जिथे पापुद्रे सुटले आहेत, फोड आले आहेत किंवा नखाला खड्डे लागतात, तिथे पाइप बदलण्यावाचून दुसरा उपाय नाही.

तपासणी करताना उघडा, सहज दिसणारा भाग पाहून थांबू नये. गंज धरतो तो क्लिपच्या खाली, रबरी किंवा फोमच्या आवरणाच्या आत, मागच्या सस्पेन्शनच्या वर आणि जिथे पाइप चासीच्या पोकळीत शिरतो तिथे, कारण त्या जागी चिखल आणि ओल अडकून राहते. मी एकदा वरून अगदी स्वच्छ दिसणाऱ्या पाइपची एक क्लिप उचकटली, तेव्हा तिच्याखालून ओलसर तपकिरी भुगा बोटावर आला आणि बोटभर लांबीचा पाइप पेन्सिलच्या टोकासारखा निमुळता झालेला दिसला. दोन्ही बाजूंना मात्र मूळचा हिरवट लेप शाबूत होता.

याच कारणाने फक्त गळका तुकडा बदलून मधे जोड देणेही चुकीचे आहे. उरलेला पाइप त्याच वयाचा असतो आणि त्याच चिखलात वाढलेला असतो. जोड द्यावाच लागला, तर तो दोन्ही टोकांना योग्य फ्लेअर (पाइपचे टोक पसरवून केलेली, जोड बंद करणारी कड) करून ब्रेकसाठी बनवलेल्या युनियननेच (दोन पाइप जोडणाऱ्या आट्यांच्या जोडानेच) द्यावा. पाण्याच्या किंवा हवेच्या नळीसाठी मिळणारी, आतल्या कड्याने नळी आवळून धरणारी कॉम्प्रेशन फिटिंग ब्रेकमध्ये कधीही वापरू नये. ब्रेकच्या दाबाखाली नळी तिच्यातून निसटू शकते.

पाइप कोणत्या धातूचा घ्यावा

शुद्ध तांब्याचा पाइप वळवायला सोपा, म्हणून अनेकांना आवडतो. परंतु वारंवार वळवल्याने आणि कंपनांमुळे तांबे कडक होत जाते आणि शेवटी त्याला तडा जातो. स्टेनलेस स्टील दिसायला देखणे असते, पण त्याला घरगुती हत्याराने चांगले फ्लेअर करणे फार कठीण जाते. माझी पसंती तांबे-निकेल मिश्रधातूला आहे. त्यात सुमारे नव्वद टक्के तांबे, दहा टक्के निकेल आणि थोडे लोह व मँगनीज असते; तो पोलादासारखा गंजत नाही आणि हाताने वळवता येतो. व्होल्व्होने १९७६ पासून आपल्या गाड्यांत असे पाइप वापरले आहेत. हा धातू मऊ असल्याने त्याला क्लिपचा आधार मूळच्या प्रत्येक जागी द्यावाच लागतो. एखादी तुटलेली क्लिप राहू दिली, तर पाइप थरथरत राहतो आणि चासीवर घासून झिजतो.

जुना पाइप काढताना

जुना पाइप कापून फेकून देण्याची घाई करू नये. तो शक्यतो अखंड काढावा, निदान दोन-तीन तुकड्यांत काढून जमिनीवर मूळ आकारात मांडावा, कारण नव्या पाइपची प्रत्येक वळणाची जागा त्यावरूनच कळते. काढण्याआधी सर्व मार्गाची छायाचित्रे घ्यावीत. एक्झॉस्टपासूनचे अंतर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर सुटणारी जागा आणि सस्पेन्शन खाली-वर होताना मोकळी राहणारी जागा यांची नोंद तेव्हाच करावी; पाइप निघाल्यावर ती आठवत नाही.

साध्या उघड्या तोंडाच्या पान्याने जुना नट सोडवायला गेल्यास त्याचे कोपरे घासून तो गोल होतो. नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरणारा फ्लेअर नट स्पॅनर यासाठीच असतो. आदल्या दिवशी नटावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. तरीही नट हलला नाही, तर पाइप नटाला लागून कापावा आणि सहा कोनी सॉकेट थेट नटावर चढवावे. पाइप तसाही टाकून द्यायचा असतो. वाचवायचे असतात ते कॅलिपरचे (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचे) किंवा सिलिंडरचे आटे. रबरी होजला जोडलेला नट सोडवताना होजची बाजू दुसऱ्या पान्याने धरून ठेवली नाही, तर होज पिळवटतो.

पाइप सुटताच मास्टर सिलिंडरची (पेडलच्या जोरावर द्रवाला दाब देणाऱ्या सिलिंडरची) टाकी रिकामी होऊ देणे ही आणखी एक महागात पडणारी चूक आहे. विशेषतः १९९० च्या दशकातल्या एबीएस (ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत हवा एकदा हायड्रॉलिक युनिटमध्ये शिरली, की ती काढण्यासाठी काही वेळा निदान यंत्राने युनिटमधील पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. पेडल काठीच्या आधाराने किंचित खाली दाबून ठेवले, तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन टाकीकडून येणारे छिद्र झाकतो आणि गळती जवळजवळ थांबते. उघडी राहिलेली तोंडे रबरी टोप्यांनी बंद करावीत.

आटे आणि फ्लेअर: सर्वाधिक चुका इथेच होतात

पाइप वळवण्यात आणि बसवण्यात जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे त्याच्या दोन टोकांकडे दिले जात नाही, आणि पुन्हा काम करावे लागते ते बहुतेक वेळा टोकांमुळेच. मी स्वतः निम्मा वेळ टोकांवर घालवतो.

पहिला घोटाळा आट्यांचा. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्यांत ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचा यूएनएफ (इंच मापाच्या बारीक आट्यांचा) नट सर्रास आढळतो. युरोपीय आणि जपानी गाड्यांत मेट्रिक मापाचा एम १० बाय १. पहिल्याचा व्यास ९.५ मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर १.०६ मिलिमीटर, दुसऱ्याचा व्यास १० आणि अंतर १ मिलिमीटर. फरक इतका थोडा असतो, की यूएनएफ नट एम १० च्या छिद्रात सहज शिरतो, थोडा सैल वाटतो, शेवटी घट्ट झाल्यासारखाही वाटतो आणि दाब आल्यावर आटे सोडतो. उलट, एम १० चा नट यूएनएफ छिद्रात एक-दोन फेऱ्यांनंतर अडकतो आणि जोर लावल्यास छिद्राचेच आटे खराब करतो. म्हणून जुना नट शेजारी ठेवून, आटे मोजण्याच्या गेजने पडताळल्याशिवाय नवा नट घेऊ नये. नट बोटांनी निदान चार-पाच फेऱ्या मोकळेपणाने फिरला पाहिजे. तसा फिरत नसेल तर पाना लावूच नये.

दुसरा घोटाळा फ्लेअरच्या प्रकाराचा. छिद्राच्या तळाशी टॉर्च लावून पाहावे. तळातून शंकूसारखा उंचवटा वर आलेला असेल, तर तिथे दुहेरी फ्लेअर लागते: टोक आत दुमडून दोन थरांचे केलेले, ४५ अंशांच्या नरसाळ्यासारखे. तळ आत खोल गेलेला, नरसाळ्याच्या आकाराचा असेल, तर तिथे बुडबुड्यासारखी फुगीर, छत्रीच्या आकाराची बबल फ्लेअर बसते. एकाच्या जागी दुसरी बसवली, तर नट कितीही आवळला तरी पाझर थांबत नाही. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत एकाच पाइपच्या दोन टोकांना दोन वेगळ्या प्रकारच्या फ्लेअर असतात, त्यामुळे एक टोक पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. दुहेरी फ्लेअरच्या जागी एकाच थराची फ्लेअर करून वेळ मारून नेणेही धोक्याचे आहे, कारण तिच्या कडेला तडा जाण्याची भीती असते.

आता प्रत्यक्ष फ्लेअर करणे. करवतीने कापलेले टोक तिरके आणि दातेरी असते, त्यातून चांगली फ्लेअर कधीच होत नाही. छोट्या ट्यूब कटरने, प्रत्येक फेरीला थोडा-थोडा दाब वाढवत कापावे. कापताना कड आत वळते, ती रीमरने साफ करावी, बाहेरची कड कानशीने किंचित उतरवावी आणि कीस पाइपमध्ये राहू देऊ नये. नंतर नट पाइपवर चढवावा, त्याचे तोंड बरोबर दिशेला आहे हे पाहावे आणि मगच फ्लेअर करावी. दोन्ही टोके सुंदर झाल्यावर नट टेबलावरच राहिल्याचे लक्षात येणे, हे या कामात कोणाच्याही बाबतीत घडू शकते. टोकाजवळ लगेच वळण दिले तर नट मागे सरकत नाही, म्हणून तिथे तीन-चार सेंटिमीटर पाइप सरळ ठेवावा.

तयार फ्लेअर भिंगाखाली पाहावी. कड सर्व बाजूंनी सारख्या रुंदीची, मध्यभागी छिद्र बरोबर गोल आणि बसण्याच्या पृष्ठभागावर एकही ओरखडा नाही, अशी ती हवी. एका बाजूला चंद्रकोरीसारखी जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ झालेली फ्लेअर कापून टाकावी. त्यासाठी पाइप सुरुवातीलाच थोडा लांब ठेवावा आणि पहिल्या तीन-चार फ्लेअर टाकाऊ तुकड्यांवर कराव्यात.

नट आवळताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. इथे गळती रोखण्याचे काम फ्लेअर करते, आटे नव्हे. टेपचा तुकडा सुटून एखादे बारीक छिद्र बंद करील. किती आवळावे याचा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. या मापाच्या नटांसाठी तो बहुधा १५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे अनेकांना वाटते त्याहून बराच कमी.

ब्रेक ऑइल हे तेल नव्हे

आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, आणि त्या नावामुळेच काही चुका होतात. डब्यावर डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ अशी प्रतवारी लिहिलेले ब्रेकचे द्रव ग्लायकॉलवर आधारलेले असतात, खनिज तेलावर नव्हे. ब्रेकची रबरी सीले खनिज तेलाने फुगतात. त्यामुळे फ्लेअर करताना टोकाला इंजिन ऑइल लावणे किंवा नवा पाइप पेट्रोल वा रॉकेलने धुणे टाळावे. वंगण म्हणून ब्रेक फ्लुइडचाच थेंब पुरतो. डॉट ५ सिलिकॉनवर आधारलेले असते आणि ते ग्लायकॉलच्या द्रवात मिसळू नये. नावातल्या आकड्यांच्या सारखेपणाने फसगत होते. ग्लायकॉलचा द्रव हवेतला ओलावा शोषतो आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: डॉट ४ चा किमान २३० अंश सेल्सियस असतो, तो सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून उघडून ठेवलेला जुना डबा किंवा पाइपांत शिरलेली हवा काढताना बाटलीत जमलेला द्रव परत टाकीत ओतू नये. रंगावर थेंब पडला तर तो पुसत बसण्यापेक्षा लगेच भरपूर पाण्याने धुवावा, नाहीतर रंग निघतो.

हवा काढल्यावरही पेडल बरोबर नसेल तर

हवा काढताना जुन्या मास्टर सिलिंडरचे पेडल थेट तळापर्यंत दाबू नये. एरवी पिस्टन जिथपर्यंत जात नाही, तिथे आतमध्ये गंज आणि गाळ साचलेला असतो, त्यावरून सील गेले की फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्याची धाव मर्यादित करावी.

पेडल स्पंजसारखे लागत असेल, तर हवा कुठेतरी अडकली आहे. कॅलिपर काढून पुन्हा बसवले असतील, तर डावे उजवीकडे गेले नाहीत ना ते आधी पाहावे. हवा काढण्याची निपल खाली आली, तर कितीही द्रव ओतला तरी वरची हवा निघत नाही. पेडल घट्ट लागते, पण पाय ठेवून राहिल्यावर हळूहळू खाली जाते आणि बाहेर कुठेच ओल नाही, अशा वेळी नवा पाइप निर्दोष असून मास्टर सिलिंडरचे सील आतून गळत असण्याची शक्यता अधिक. ब्रेक सोडल्यावर एखादे चाक जखडून राहत असेल, तर जुना रबरी होज आतून फुगून एकमार्गी झडपेसारखा वागत असेल; पाइपांबरोबर होजही बदलावेत असे मी आग्रहाने सांगतो, ते याचसाठी. दुहेरी सर्किटच्या गाडीत ब्रेकचा इशारा दिवा विझत नसेल, तर हवा काढताना दाबातील फरक दाखवणाऱ्या व्हॉल्व्हचा पिस्टन एका बाजूला सरकला असण्याची शक्यता असते आणि तो मॅन्युअलप्रमाणे मध्यावर आणावा लागतो.

जोडातून पाझर दिसल्यास लगेच जोर लावून नट आवळू नये. नट थोडा सैल करून पुन्हा आवळावा, असे दोन-तीनदा केल्यावर मऊ धातूची फ्लेअर आपल्या जागी नीट बसते. तरीही ओल आली तर फ्लेअर कापून नवी करावी.

गाडी घोडीवर असतानाच एका माणसाने पेडल पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरून ठेवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोड कोरड्या पांढऱ्या कागदाने पुसून पाहावा. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच तपासणी पुन्हा करावी, कारण अगदी बारीक पाझर रात्रभरात थेंबाएवढा जमतो. त्यानंतर मोकळ्या, सपाट जागेत चालण्याच्या वेगाने ब्रेक लावून पाहावेत, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी पुन्हा उचलून जोड, क्लिपा आणि टाकीतली पातळी तपासावी.