धुक्यात अ‍ॅक्सिलरेटर अडकला तेव्हा (माझा अनुभव)

जानेवारीतली पहाट, रामटेकहून नागपूरला येत होतो, मागे आई अन् पोरं. मनसर सोडलं आणि धुकं एवढं दाट की पुढच्या ट्रकचे लाल लाईटच तेवढे दिसत होते. मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी पळतच राहिली, ब्रेक दाबतोय तर इंजिन ओढतंय, आई तर रडायलाच लागली.

बायको ओरडली, "क्लच दाबा ना जी, न्यूट्रल करा!" तेच केलं. इंजिन भयंकर किंचाळतं, किंचाळू द्या, चाकांना ताकद जात नाही हे महत्त्वाचं. ब्रेक एकदाच जोरात दाबून धरायचा, पंपिंग अजिबात नाही, कारण अशा वेळी बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम लवकर संपतो अन् पेडल दगडासारखं होतं. चालत्या गाडीत चावी पण बंद करायची नाही, पॉवर स्टीअरिंग जड होतं. हॅझर्ड लावून गाडी डावीकडे रोडच्या खाली उतरवली, मग इंजिन बंद, आणि सगळ्यांना आधी गाडीपासून लांब उभं केलं, धुक्यात मागून कोण ठोकेल सांगता येत नाही.

पाहतो तर सर्व्हिसिंगवाल्यांनी मूळ मॅटवर दुसरी जाड मॅट टाकलेली, तीच सरकून पेडलवर चढली होती. काढली, डिक्कीत टाकली. आता एकच मॅट, ती पण हुकात नीट अडकवलेली.