शेततळ्यात चतुर आणि टाचण्या कशा वसवाव्यात

चतुरांची आणि टाचण्यांची (चतुरासारखेच, पण नाजूक कीटक) पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्याही खातात. ती बादलीभर आणून ओतली की काम झालं, हा सल्ला मात्र निव्वळ फुकट आहे. आजूबाजूचे चतुर आपणहून येऊन अंडी घालतात. प्रश्न पिल्लं बाहेर कशी पडणार हा आहे.

तळ्यात गप्पी मासे असतील किंवा टेमेफॉस (डासांच्या अळ्या मारणारं औषध) टाकलं असेल तर या भानगडीत पडूच नका. सोलापूरकडे सप्टेंबरच्या पावसानं तळं भरलं की लव्हाळ्याच्या कुंड्या कडेला उथळ पाण्यात ठेवा. टाचणी देठात अंडी घालते. पाणकणीस नको, त्याची मुळं तळ्याच्या प्लॅस्टिक अस्तराला भोक पाडतात. उजनी धरणातून काडीसुद्धा आणू नका, सोबत जलपर्णी येते. घाई असेल तर शेजारच्या ओढ्यातली थोडी पिल्लं पाणवनस्पतींसकट आणा (मोकळ्या पाण्यात ती एकमेकांना खातात) आणि संध्याकाळी सोडा.

आता खरी मेख. पूर्ण वाढलेलं पिल्लू रात्री किंवा पहाटे पाण्याबाहेर चढतं, पाठीवर उकलतं आणि चतुर बाहेर येतो. पंख ताठ व्हायला बराच वेळ लागतो, तोवर तो उडू शकत नाही. आपल्या शेततळ्यांचं प्लॅस्टिक गुळगुळीत. पिल्लू चढतं, घसरतं, पुन्हा चढतं आणि शेवटी पाण्यातच मरतं. याच टप्प्यानं मला सर्वांत जास्त दमवलं.

तुराट्या खोचा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, टोकानं अस्तर फाटतं. शिवाय पिकाला पाणी सोडलं की पातळी उतरते आणि काठ्या कोरड्यात राहतात. जुना गोणपाट घ्या, खालच्या टोकात गुळगुळीत गोटा शिवा आणि बांधावरच्या खुंटीपासून थेट तळापर्यंत उतारावर सोडा. पाणी कितीही उतरलं तरी पिल्लाला पाय रोवायला धागा सापडतो. चारी बाजूंना असे पट्टे हवेतच. प्लॅस्टिकचं खताचं पोतं चालणार नाही, तेही निसरडंच.

सकाळी गोणपाटावर तपकिरी कात चिकटलेली दिसेल, पाठीच्या चिरेतून पांढरे बारीक धागे लोंबत असतील. ती श्वासनलिकांची अस्तरं. अशा काती दिसल्या की जमलं म्हणायचं.

डाळिंबावर फवारणी झाली की पंप बांधावर धुऊ नका. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाचा थोडा अंशही या पिल्लांना मारायला पुरतो.