काचबिंदूच्या ऑपरेशननंतरचा ओसीटी रिपोर्ट: या चुका टाळा

ट्रॅबेक्युलेक्टॉमी (डोळ्यातलं पाणी झिरपायला नवी वाट करून देणारं काचबिंदूचं ऑपरेशन) होते, डोळ्याचा दाब 28 वरून 12 वर येतो, आणि महिन्याभराने काढलेल्या ओसीटीत (प्रकाशाने डोळ्याच्या आतल्या थरांचं चित्र काढणाऱ्या स्कॅनमध्ये) नसेच्या तंतूंच्या थराची जाडी आधीपेक्षा चार-पाच मायक्रॉनने वाढलेली दिसते. "म्हणजे नस भरून येतेय ना?" हा प्रश्न स्कॅनच्या खोलीत नेहमी येतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा असते की नाही म्हणणं जिवावर येतं. तरी सांगावंच लागतं. काचबिंदूत गेलेले तंतू परत येत नाहीत. ऑपरेशन होतं ते उरलेले वाचवण्यासाठी.

मग आकडा वाढतो कसा? ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याची नस, डोळ्यातून बाहेर पडते तिथे लॅमिना क्रिब्रोसा नावाची जाळी असते. वर्षानुवर्षांच्या दाबाने ती मागे ढकलली गेलेली असते. दाब उतरला की काही डोळ्यांत ती थोडी पुढे सरकते आणि नसेतला खड्डा उथळ दिसू लागतो. दाब फारच खाली गेला असेल तर नसेला थोडी सूजही येते, आणि यंत्र ती सूज जाडी म्हणूनच मोजतं. शिवाय एकाच दिवशी, एकाच यंत्रावर दोनदा स्कॅन काढला तरी सरासरी जाडीत चार-पाच मायक्रॉनचा फरक पडू शकतो. तेवढ्यावर पेढे वाटायचे नाहीत.

याची उलट बाजू जास्त त्रासदायक आहे. दोन-तीन महिन्यांत सूज ओसरते, आकडा पुन्हा खाली येतो आणि घरात बोलणं सुरू होतं, "ऑपरेशन फेल गेलं." प्रत्यक्षात दाब 12 लाच असतो आणि फील्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजणारी चाचणी) जशीच्या तशी असते.

जन्मजात काचबिंदूच्या लहान मुलांत ऑपरेशननंतर खड्डा पुष्कळ लहान झालेला दिसतो. दाब ताब्यात आल्याची ती चांगली खूण आहे, त्याचा आनंद जरूर माना. पण तिथेही गेलेले तंतू परतलेले नसतात.

जुन्या बेसलाइनशी (तुलनेसाठी पाया धरलेल्या स्कॅनशी) तुलना

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सहज टाळता येते. यंत्रातलं प्रोग्रेशनचं (आजार किती वाढला ते दाखवणारं) सॉफ्टवेअर सर्वांत आधीचे स्कॅन पाया धरून आलेख काढतं. ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे स्कॅन एका रेषेत जोडले तर ती रेषा काहीही सांगू शकते. दाब स्थिरावल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, चांगल्या सिग्नलचे (चित्र किती स्पष्ट आलं याला यंत्र 10 पैकी देतं तो गुण) दोन स्कॅन काढून तीच नवी बेसलाइन ठरवावी आणि पुढची तुलना तिच्याशी करावी. फील्ड टेस्टचंही तसंच. रिपोर्टच्या पहिल्या पानावर ऑपरेशनची तारीख आणि डोळा, उजवा की डावा, पेनाने ठळक लिहून ठेवा. फाइल दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली की त्या एका ओळीने बराच गोंधळ टळतो.

मोतीबिंदूही सोबत काढला असेल तर नवी बेसलाइन घ्यायलाच हवी. पिकलेल्या भिंगामुळे प्रकाश अडत होता, सिग्नल 10 पैकी 5 येत होता. भिंग बदलल्यावर तोच सिग्नल 8 होतो आणि नुसत्या त्या कारणाने जाडी वाढलेली दिसते.

यंत्र बदलणं

ऑपरेशन पुण्या-मुंबईत आणि फॉलोअप तालुक्याच्या गावी, असं आपल्याकडे खूप होतं. त्यात गैर काही नाही. पण सिरस आणि स्पेक्ट्रॅलिस ही दोन वेगळ्या कंपन्यांची ओसीटी यंत्रं; सिरसवरचे 72 मायक्रॉन आणि स्पेक्ट्रॅलिसवरचे 72 मायक्रॉन सारखे नसतात. प्रत्येक कंपनीचं यंत्र थरांच्या कडा आपल्या पद्धतीने ओळखतं. शक्यतो एकच यंत्र धरून राहा. जमत नसेल तर नव्या यंत्रावरचा पहिला स्कॅन ही नवी सुरुवात समजा.

लाल-हिरवा रंग पाहून निकाल

रिपोर्टमधला रंग फक्त एवढंच सांगतो की यंत्रात साठवलेल्या निरोगी लोकांच्या तुलनेत हा डोळा कुठे बसतो. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात तंतूंचे जाड जुडगे जागेवरून सरकलेले असतात, त्यामुळे निरोगी भागही लाल दिसतो. आणि काचबिंदू खूप पुढे गेलेला असेल तर सरासरी जाडी 50 ते 55 मायक्रॉनच्या आसपास येऊन थांबते. उरतात त्या रक्तवाहिन्या आणि आधार देणाऱ्या पेशी. त्यापुढे नजर घटत असली तरी आकडा हलत नाही. "दोन वर्षं रिपोर्ट सारखाच आहे" हे वाक्य अशा डोळ्यासाठी दिलासा नाही. तिथे मॅक्युलाचा (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाचा) गँगलियन सेल स्कॅन, म्हणजे नसेचे तंतू जिथून निघतात त्या पेशींच्या थराचा स्कॅन, आणि नजरेचा फक्त मधला भाग तपासणारी 10-2 फील्ड टेस्ट यांवर जास्त भर द्यावा लागतो.

नजर अंधुक, पण मॅक्युलाचा स्कॅनच नाही

ऑपरेशननंतर नजर धूसर झाली, सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, आणि चिठ्ठीवर मात्र फक्त "ओसीटी डिस्क" (नसेच्या टोकाचा स्कॅन) असेल, तर मॅक्युलाच्या स्कॅनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. दाब 5 किंवा त्याखाली गेला की डोळ्याची मागची भिंत ढिली पडते. मॅक्युलाच्या स्कॅनमध्ये एरवी गुळगुळीत असणारे थर तेव्हा चुणीदार दिसतात. याला हायपोटोनी मॅक्युलोपॅथी म्हणतात. तरुण आणि मायनस नंबरच्या रुग्णांना तिचा धोका जास्त. ती वेळेत पकडली तर दाब वर आणून नजर बरीच सावरता येते, उशीर झाला तर चुण्या कायमच्या राहू शकतात. मॅक्युलात पाणी साठलं असेल तर तेही याच स्कॅनमध्ये दिसतं. एका जादा स्कॅनला काही मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत.

ब्लेबचे फोटो

डोळ्यातलं पाणी झिरपण्यासाठी ऑपरेशनमध्ये वरच्या पापणीखाली तयार केलेला फुगवटा, म्हणजे ब्लेब, डोळ्याच्या पुढच्या भागाच्या ओसीटीत छान दिसतो. भिंत स्पंजासारखी सच्छिद्र आणि करडी दिसली तर पाणी झिरपत असल्याचा अंदाज येतो. जाड, पांढरीशुभ्र भिंत दिसली तर जखमेचा घट्ट वण तयार होत असल्याची शंका येते. पण वरची पापणी उचलताना बोट ब्लेबवर दाबलं गेलं तर त्याचा आकारच बदलतो, म्हणून पापणी भुवईच्या हाडाशी धरायची आणि रुग्णाला खाली बघायला सांगायचं. ब्लेब गळतो आहे का, हे मात्र स्कॅनवर ठरवू नये. त्यासाठी फ्लुरोसिनच्या (चमकणाऱ्या रंगाच्या) पट्टीने केली जाणारी सायडेल टेस्टच लागते. ताज्या ब्लेबवर पाण्याचा कप ठेवून करायची यूबीएम (डोळ्याच्या पुढच्या भागाची सोनोग्राफी) तपासणीही टाळावी.

स्कॅन खराब येतोय

ऑपरेशन झालेले डोळे कोरडे असतात आणि टाके टोचत असतात. रात्री घातलेल्या मलमाचा थर सकाळीही राहिला असेल तर चित्र धूसर येतं. मलम पुसून वंगणाचा एक थेंब घाला, दोन-तीनदा डोळे मिटायला लावा आणि मग स्कॅन घ्या. दाब तपासायच्या आधी ओसीटी काढावा, कारण भूल आणि रंगाच्या थेंबांनी अश्रूंचा थर बिघडतो. सिरसवर सिग्नल 6 च्या खाली असेल तर तो स्कॅन तुलनेसाठी जपू नये. छापण्याआधी थरांवरच्या रेषा नीट बसल्या आहेत का, हे स्क्रीनवर डोळ्यांनी पाहावं. मधेच पापणी मिटली असेल तर तिथे काळी पट्टी येते आणि यंत्र तिथलीही जाडी मोजून मोकळं होतं.

आणि ब्लेब असलेला डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडं येऊ लागली किंवा नजर एकदम कमी झाली, तर ओसीटीची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवून उत्तराची वाटही पाहू नका. ऑपरेशनला दहा वर्षं झाली असली तरी ब्लेबमध्ये जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांचं हॉस्पिटल गाठा.